आमच्या गावचा चक्रम

सोनईपासून चार मैलांवरच्या आमच्या गावात कुणाला वेडा म्हटलेलं खपत नसे. चक्रम म्हटलेलं चालायचं. चक्रम म्हणजे डोकं शाबूत, फक्त चाल वेगळी. एक प्रकारचा मानच तो. शेजारच्या तात्यांना तो गावानं एकमतानं दिलेला. तात्या यष्टीत बसत नसत. नेवाशाला जायचं तरी पायी. "बैलाला दम लागला तर दिसतो. हिला लागला तर कळनार कसं?" चढावर गाडी घुरघुरली की रस्त्याकडेला उभे राहून ड्रायव्हरला ओरडायचे, "जरा इसावा द्या की तिला!" आम्ही हसायचो. तेही हसायचे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी तात्यांच्या मुलीला पाहायला कोपरगावकडचे पाहुणे आले. मुलीच्या दारात जाण्याआधी स्टँडवरच्या हॉटेलात चहा घ्यायचा आणि घराण्याची चौकशी करायची, ही आपल्याकडची रीत. मी तेव्हा विशीतला, कॉलेज सोडून आलेला, त्या हॉटेलातच पडीक.

"काय भाऊ, पोरीचा बाप कसा हाय?" त्यांच्यातल्या फेटेवाल्यानं मला विचारलं.

"कोन, आमचा चक्रम व्हय? लई भारी मानूस!" आणि उठून मी तात्यांची नक्कल केली. हॉटेल खदखदलं. पाहुणेही हसले. मग फेटेवाल्यानं हळूच विचारलं, "कवापासनं हाय असं?"

तो काय विचारतोय हे मला कळलं होतं. हे मी आजवर कुणाला, बायकोलाही, सांगितलेलं नाही. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"जन्मापासनं!" मी म्हणालो. आणखी एक हशा मिळाला.

पाहुणे परतीच्या गाडीनं तसेच गेले. तिकडे पोहे निवत होते.

तिन्हीसांजेला तात्या हॉटेलात आले. "पाव्हनं दिसलं का रं?"

"न्हाई, तात्या."

"वाट चुकलं असत्याल," म्हणाले, आणि फाट्यावर जाऊन शेवटच्या गाडीपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर कुठलंच स्थळ टिकेना. चौकशीला आलेल्यांच्या कानावर कोपरगावची गोष्ट आधीच पोचलेली असायची. वर्षभरानं मुलगी कर्जतकडच्या एका बिजवराला दिली. दोन लेकरांचा बाप. त्या लग्नात मी सकाळपासून पंगती वाढल्या, खाली बसलो नाही. तात्यांनी पाठीवर हात ठेवला.

"लई राबलास रं. सख्ख्या भावानंबी येवढं केलं नस्तं."

मी बुंदीची परात उचलली आणि पुढच्या पंगतीकडे गेलो.