आरशातून काढलेलं हृदय

गोंदिया जिल्ह्यातील तमाम विज्ञानप्रेमी नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सडक अर्जुनीजवळच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात, गेली अठरा वर्षे माणसाचं हृदय उजव्या बाजूला आहे. ते तिथे बसवणारा माझा मित्र टेकचंद पेंटर गेल्या महिन्यात गेला. तेव्हापासून माझं, म्हणजे त्या वर्गात विज्ञान शिकवणाऱ्याचं, कशातच मन लागत नाही.

हायवेवरच्या ट्रकांच्या पाठीवर मोर आणि ढाब्यांच्या भिंतींवर तंदुरी कोंबड्या रंगवणाऱ्या या माणसाला मीच गळ घातली होती, शाळेसाठी विज्ञानाचे तक्ते काढून दे म्हणून. मांजरपाटावर ऑइल पेंटने त्याने फूल काढलं, बेडूक काढला, सूर्यमाला काढली. शनीच्या कड्याला ट्रकच्या चाकासारखे नट होते! मुलं खूश, मी त्याहून खूश. मग आला मानवी शरीराचा तक्ता. मिशीवाला, रुबाबदार माणूस, पोट उघडं टाकून हसतोय... पाहतो तर खुद्द टेकचंद. यकृत, जठर, आतडी पुस्तकात पाहून अगदी बिनचूक काढलेली. हृदय मात्र उजवीकडे, यकृताच्या डोक्यावर बसलेलं. मी हटकलं तर त्याने मला घरी नेलं, आरशासमोर उभं केलं आणि छातीवर हात ठेवायला लावला.

"बाकीचं सामान पुस्तकातलं आहे, गुरुजी. धडधड तं आपली आपल्याले समजते. आरसा कायले खोटं बोलंल?"

यावर विज्ञानाच्या शिक्षकाला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण मला हसूच आवरेना, म्हणून दुरुस्ती उद्यावर टाकली. तो उद्या अठरा वर्षं आला नाही. दरवर्षी मुलांना सांगायचो, माणूस बरोबर आहे, फक्त आरशातून आलाय. आणि तपासणीला साहेब आले की नेमकं हृदयावर कॅलेंडर लटकवायचो.

आता छापील, चकचकीत तक्ते आलेत. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, चुकीचा तक्ता भिंतीवर राहणार नाही. सोमवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर उतरवा. बरोबरच आहे त्यांचं. उतरवायला हात धजेना, म्हणून शनिवारी टेकचंदचाच ब्रश मागायला त्याच्या घरी गेलो. तिथे बसवेना, उठवेना... चहा अर्धा टाकून निघालो, फाटकातून परत फिरलो आणि त्याच्या बायकोला, फुलवंताभाभींना, सगळं सांगून टाकलं. त्याने काढलेलं हृदय मी हलवू की नको, तुम्हीच सांगा. भाभींनी ब्रश शोधून दिला आणि माझ्यासोबतच निघाल्या. हा तक्ता त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. शाळेत त्यांचं काय काम पडणार?

रिकाम्या वर्गात त्या तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. मी ब्रश या हातातून त्या हातात करत होतो. मग डावं कोणतं, उजवं कोणतं, समजावू लागलो... त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांची नजर छातीवर नव्हतीच, कपाळाच्या वर कुठेतरी होती. पदर तोंडाशी गेला. आता रडतात, असं मला वाटलं, आणि भाभी फाडकन म्हणाल्या,

"दिल राहू द्या तिकडंच, गुरुजी. पहिले भांग सुधरवा. असा उलटा कवा पाडत होते हे?"