आबांच्या रक्ताची परीक्षा

साताऱ्याच्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते तेव्हाची गोष्ट. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंतू मारायला मी नवे रेणू बनवत होते. जंतूंशी लढायला आपलं शरीर पेप्टाइड नावाच्या छोट्या साखळ्या तयार करतं. पण त्याच औषध म्हणून दिल्या, तर शरीरातले पाचक रस त्यांचे लगेच तुकडे पाडतात. म्हणून मी तशीच साखळी करत होते, फक्त कड्या जरा वेगळ्या जोडून. पाचक रसांना ती ओळखूच येऊ नये.

बरेच प्रयत्न वाया गेल्यावर एक साखळी जमली. जंतूंचा पार फडशा. आता ती माणसाच्या रक्तपेशींना इजा करते का, ते बघायचं होतं. कॉलेजच्या समितीची परवानगी मिळाली होती, रक्त देणारी माणसं शोधत होते.

तेवढ्यात कवठे महांकाळहून माझे वडील आले. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. माझी अडचण ऐकली आणि त्यांनी बाहीच वर सारली.

"माझं घे की! फौजेत कितीदा दिलंय, हितं लेकीला न्हाई व्हय देणार?"

समितीतल्या बाईंनी त्यांना सगळं नीट समजावलं, त्यांनी सही केली, नर्सनं रक्त घेतलं. आबा बाहेर बाकावर बसून राहिले. मी चाचणी लावली, नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली, तर वरचं पाणी लालभडक. मी बाकापाशी गेले.

"फुटल्या, आबा. तुमच्या रक्तपेशी फुटल्या."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे माझं रगत कच्चं हाय?"

"आवं न्हाई! रगत झ्याक हाय. माझा रेणूच वांड निघाला. जंतू असो न्हाईतर तुमची पेशी, दिसंल त्याला झोडपतोय."

"मग शिस्त लाव की त्याला," म्हणाले आणि गाडी गाठायला निघाले.

मला हसू आलं, पण काम तेच होतं. जंतूच्या आवरणावर ऋण भार जास्त असतो, आपल्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला तो जवळजवळ नसतो. माझ्या साखळीत तेलकट भाग फार झाला होता, म्हणून ती कुठल्याही आवरणात घुसत होती. तेलकटपणा कमी केला, धन भाराच्या कड्या वाढवल्या, म्हणजे ती जंतूकडेच ओढली जावी. पण तेलकटपणा फार कमी केला की जंतू मजेत वाढायचे. कधी इकडे, कधी तिकडे, असं करत हिवाळा गेला.

नवी साखळी तयार झाल्याचं फोनवर कळताच आबा परत हजर, सगळ्या लॅबसाठी बेदाण्यांचा डबा घेऊन. रक्त त्यांचंच घ्यायचं, हा हट्ट. या वेळी नळीत पेशी तळाशी शांत बसल्या होत्या आणि वरचं पाणी नितळ. जंतूंच्या नळ्यांतही मनासारखं: औषध नसलेली जंतू वाढून गढूळ, औषध घातलेली स्वच्छ. दाराच्या काचेतून मी आबांना सगळ्या नळ्या दाखवल्या. चष्मा लावून ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग आईला फोन लावला.

"ऐकलंस का? एक बी फुटली न्हाई!"

"काय फुटलं न्हाई? बरणी व्हय?" आईचा आवाज मलाही ऐकू आला.

मी त्यांना सांगितलं, हे औषध व्हायला अजून लय वर्षं जातील, कदाचित होणारही नाही.

"आसू दे की," आबा म्हणाले. "भरतीच्या दिवशीच कुणी सुभेदार हुत न्हाई."

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडलं. सांगलीची गाडी हलायच्या आतच शेजारच्या माणसाला ते जंतूंचं आवरण समजावून सांगायला लागले होते.