खाटेच्या पायथ्याशी

एकाही रोग्याला हात न लावता संध्याकाळी घामाघूम होऊन घरी येणारा डॉक्टर भोर-वेल्ह्यात एकच झाला असेल, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. महामार्गालगतच्या एका इस्पितळात ते तातडीच्या विभागाचे प्रमुख होते, आणि तरुण डॉक्टर तयार करणं हे त्यांचं खरं काम होतं. त्यांच्या मते सुई टोचायला कोणालाही शिकवता येतं. अवघड असतं ते खाटेच्या पायथ्याशी हात मागं बांधून उभं राहणं, हलक्या आवाजात एकेकाचं नाव घेऊन काम सांगणं आणि ते झालं का हे पाहणं. "प्रमुखाचे हात गुंतले की डोळेही तिथंच अडकतात," ते म्हणत. दर गुरुवारी दुपारी याचा सराव असे आणि रोगी म्हणून मला झोपवलं जाई, कारण वर्तमानपत्रातून निवृत्त झालेल्या माणसाला गुरुवारी दुसरं काय काम, असा त्यांचा हिशेब. मी नसरापूरच्या चौकात टेम्पोखाली सापडलो, किकवीच्या विहिरीत पडलो, मला दोनदा साप चावला. एकदा मरणासन्न असताना मी नाक खाजवलं. "अहो, तुम्ही बेशुद्ध आहात," साडू शांतपणे म्हणाले, "थोडी शिस्त पाळा."

सांगितलेलं काम ऐकणाऱ्यानं परत म्हणायचं आणि झालं की तसं सांगायचं, ही तिथली शिस्त घरीही होती. त्यांनी मीठ मागितलं की "मीठ देते" म्हणायचं आणि दिल्यावर "मीठ दिलं" म्हणायचं. एकदा आमच्या मेव्हणीबाई म्हणाल्या, "मीठ दिलं, भाजी वाढली, आता मी माहेरी चालले." साडूंनी मान वर न करता विचारलं, "परत कधी, तेही सांग."

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला, तेव्हा मात्र त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आपल्या जागी त्यांना त्यांची एक विद्यार्थिनी हवी होती, वेल्ह्याकडच्या धनगरवस्तीत वाढलेली. तिचा हात पक्का होता, पण मोठ्यांपुढं तिचा आवाज बसायचा. "पोरगी हुशार आहे हो, पण माणसं ऐकतील का तिचं?" असं विश्वस्त म्हणत, आणि पुण्याहून कोणाला तरी आणायचं घाटत होतं.

त्या गुरुवारी मी खाटेवर मरत असतानाच खरा रोगी आला आणि मला खाली उतरवलं गेलं. शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडलेला म्हातारा होता. त्याला श्वास घेता येत नव्हता. ती पायथ्याशी उभी राहिली आणि नावं घेऊन कामं सांगू लागली. छातीत नळी घालणारा नवखा डॉक्टर बरगड्या मोजताना दोनदा चुकला. मी साडूंकडे पाहिलं, तर जन्मभर हात मागं बांधायला शिकवलेला हा माणूस हातमोजा चढवत पुढं सरकला होता.

"सर, तुम्ही नको," ती म्हणाली. आवाज हलकाच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "त्याला जमेल. बाहेर मावशी एकट्या आहेत, तुम्ही त्यांच्याशी बोला."

साडू बाहेर आले. मीही आलो. म्हाताऱ्याची बायको बाकावर बसली होती. फुप्फुसाशेजारी हवा कोंडली आहे, नळीनं ती काढतायत, असं त्यांनी तिला समजावलं.

"तुमी डाक्टर न्हवं? मंग हितं का बसलाय?"

"आत आहे ती माझ्यापेक्षा बरी आहे, मावशी."

"कोण लागती तुमची?"

साडू दाराकडे बघत राहिले. "लेक," ते म्हणाले.

त्यांना मूलबाळ नाही. बातमी असती तर मी ते वाक्य खोडलं असतं.

थोड्या वेळानं दार उघडून ती म्हणाली, "मावशी, श्वास नीट लागलाय. या आत." पुढं पुण्याहून कोणाला आणावं लागलं नाही. पण त्या दुपारी साडू बाकावरून लगेच उठले नाहीत. डाव्या हातात चढवलेला तो एकच मोजा काढायला त्यांना बराच वेळ लागला.