उघडून दाखवलेली फाइल

एका मुलीचं ठरत आलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं, आणि तेही तिची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या कामात मी गर्क असताना. आधी हे कबूल करतो, कारण पुढचं वाचताना कुणाला माझं कौतुक वाटण्याचा धोका आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आमच्या तालुक्यातून नवी मुंबईत आलेल्या लोकांचं एक वधू-वर मंडळ होतं. मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात विक्री बघायचो. कंपनीने मला लॅपटॉप दिला होता, म्हणून मंडळाच्या कपाटातले स्थळांचे फॉर्म त्यात भरण्याचं काम माझ्याकडे आलं. स्थळांची माहिती एरवी साधी असते; पण आईवडील फॉर्मबाहेर बरंच काही सांगून जातात. बोनकोड्याला भाड्याने राहणाऱ्या एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं, की मुलीला लहानपणी फिट्स यायच्या, आता कित्येक वर्षांत काही नाही. आमच्या खजिनदारांच्या भाच्याशी तिचं जुळत आलं होतं. "पुढच्या रविवारी डॉक्टरांचा कागद घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे," ते म्हणाले. "तोवर तुमच्याकडेच राहू द्या."

मी ते तिच्या फाइलमध्ये टिपून ठेवलं. एवढा विश्वास टाकल्यावर माणूस जबाबदारीने वागतो. मी फायलींना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर शोधू लागलो. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींवरून तीन मिळाली. एक अमेरिकन होतं. पण तिकडचं पक्कं कुलूप देशाबाहेर द्यायला तेव्हा बंदी होती, आपल्या वाट्याला यायचं ते पातळ केलेलं. आमच्या स्थळांवर परक्या सरकारची नजर असेल असं नव्हे, तरी मला ते अपमानास्पद वाटलं. दुसरं सोपं होतं, म्हणून संशयास्पद. तिसरं युरोपातलं. त्याच्या माहितीत लिहिलं होतं, की पासवर्ड विसरलात तर आम्हीसुद्धा काही करू शकत नाही. हे वाचून मी खूश झालो आणि तेच घेतलं.

कार्यकारिणीला मात्र ते पसंत पडेना. अध्यक्षांचं म्हणणं, पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेला बरा, ग्रामदैवताचं नाव ठेवू, म्हणजे कुणी विसरणार नाही. एकाला शंका, की कुलूप लागलंय हे दिसतं कुठे? वाशीला अध्यक्षांच्या घरी पोहे खात ही चर्चा चालली होती. मी इरेला पेटलो. लॅपटॉप टीपॉयवर ठेवला, पडद्यावरचा अगम्य अक्षरांचा चिखल दाखवला, सगळ्यांना माना वळवायला लावून पासवर्ड टाकला आणि म्हणालो, "आता बघा."

सगळ्यांनी बघितलं. मी शेवटची लिहिलेली फाइल उघडली होती.

खजिनदार बशी हातात धरून वाचत राहिले. मग म्हणाले, "ही आमच्या भाच्याला दाखवलेलीच ना?"

संध्याकाळी त्यांच्या बहिणीकडून नकार गेला. तुम्ही आजार लपवलात, तुम्ही खोटारडे, असं मुलीच्या वडिलांना फोनवर ऐकवलं गेलं. जो रविवार त्यांनी खरं सांगायला राखून ठेवला होता, तो आलाच नाही.

कार्यकारिणीनेही प्रकरण गांभीर्याने घेतलं. एकमताने ठरलं, की सॉफ्टवेअर बदलावं, आणि नवं निवडण्याचं काम माझ्याकडेच दिलं. मी हो म्हणालो. मुलीच्या वडिलांना मी सांगितलं, की फाइल फुटली. त्यावर ते मलाच धीर देऊ लागले. "मशीनचं काय खरं असतंय साहेब. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

मी नव्या सीडी आणल्या आणि पुन्हा तुलना करायला बसलो. आता मला एकही पुरेसं पक्कं वाटेना.

शेवटी एका शनिवारी बोनकोड्याला गेलो. जे घडलं ते बापलेकींसमोर सांगितलं आणि माफी मागितली. मुलगी बेलापूरला नोकरी करायची. ती नुकतीच आली होती, पर्सही खांद्यावरच होती.

"काका, तुम्ही इथे येऊन सांगताय," ती म्हणाली. "खोटारडे तर बाबांना तिकडे म्हटलंय."

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक होती. अध्यक्षांनी पोहे पुढे केले आणि नवं सॉफ्टवेअर कुठवर आलं, असं विचारलं. खजिनदार माझ्या समोरच बसले होते. मी बशी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे वळलो.

"जुनं चांगलंच होतं," मी म्हणालो. "फाइल कुणी फोडली नाही, माझी हुशारी दाखवायला मी उघडली. तिचे वडील काही लपवत नव्हते. त्याच्या पुढच्याच रविवारी तुमच्या बहिणीकडे जाऊन ते स्वतः सांगणार होते, आणि हे मला आधीपासून माहीत होतं. त्यांना खोटारडं म्हटलं गेलं तेव्हा मी गप्प बसलो. काल त्यांची माफी मागितली. आता तुमच्या सगळ्यांसमोर मागतो, आणि आज संध्याकाळी तुमच्या बहिणीच्या घरी जाऊन मागणार आहे. माझं चुकलं."