चादरीची सुलटी बाजू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. आणि गप्प बसणारा माणूस तर मी नव्हे — सोलापूरच्या भवानी पेठेत कुणालाही विचारा, अण्णांनी तोंड उघडलं की गिऱ्हाईक चादर घेतल्याशिवाय पायरी उतरत नसे. आजही तुम्हाला समोर बसवलं तर चार चादरी गळ्यात मारीन. पण ही एक गोष्ट काही केल्या गळ्यातून वर येत नव्हती.

पेठेत मला 'फुगेवाले अण्णा' म्हणतात. सत्तरच्या दशकात, आमच्या गल्लीत कुणी विमानाची पायरीही चढलं नव्हतं तेव्हा, मी म्हणे दिल्लीत गरम हवेच्या फुग्यातून उडालो — सूर्य उगवताना. ही गोष्ट मी लग्नांत सांगितली, शाळेत सांगितली. सत्काराचा नारळही घेतला.

दिल्लीला गेलो होतो, एवढं खरं. हातमागाच्या प्रदर्शनाला. बरोबर आमच्या मागावरचा विणकर नरसय्या — तो विणून दाखवायचा, मी बोलायचो. तिथं एका गोऱ्या पाहुण्याचा फुगा होता. आमची चादर त्याच्या मनात इतकी भरली की म्हणाला, उद्या पहाटे मैदानावर या, एकाला वर नेतो. एकाला म्हणजे कुणाला? मालक मी!

पहाटे फुगा उभा राहिला, तीन मजली घराएवढा. खाली वेताची टोपली, वर भडभडता जाळ. मी टोपलीच्या कडेवर हात ठेवला आणि — कसं सांगू? — तो तसाच मागं घेतला. घाबरलो मी. पण तसं म्हणायची मला सवय होती कुठं? आम्ही गळ्यात इष्टलिंग बाळगणारी माणसं, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारी. मी लिंगाला हात लावला आणि म्हणालो, "माझी पूजा राहिलीय. नरसय्या, तू जा."

पूजा तासाभरापूर्वीच झाली होती. तिचं पाणी नरसय्यानंच आणून दिलं होतं.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग देवळात शिरावं तशा चपला काढल्या, टोपलीला नमस्कार केला आणि आत चढला.

उतरला तेव्हा हसत होता आणि डोळेही पुसत होता. "मालक, जल्मभर आमी उलटीच बाजू बघितली की! सुलटी वरनं दिसती." आमच्या मागावर चादर पालथी विणली जायची. विणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नुसती दोऱ्यांची गुंतवळ, नक्षी खाली. त्या दिवशी शेतं, रस्ते, नदी — सगळी नक्षी त्याला एकदम दिसली होती.

परतीच्या गाडीत तो झोपला आणि मी ते वाक्य घोकत बसलो. कुर्डुवाडी स्टेशन येईपर्यंत माझ्या गोष्टीत फुग्यात मी बसलो होतो.

नरसय्या पेठेत काही बोलला नाही. घरी बोलला असणार. कारण एके दिवशी त्याची मुलगी पद्मा दप्तर घेऊन दुकानात आली. "अण्णा, फुग्यात आमचे वडील बसले होते, व्हय की न्हाय? पोरी मला खोटारड्याची लेक म्हनत्यात." दुकानात गिऱ्हाईकं होती. मी हसलो आणि म्हणालो, "अगं, माझ्याकडून ऐकलंय त्यानं." ती दप्तर सावरत पायरी उतरली. त्यानंतर नरसय्यानं घरात तो विषय काढला नाही, असं पुढं त्याची बायको सांगायची.

विकणारा चादरीची उलटी बाजू कधी बघतो का? मी जन्मात मागावर बसलो नाही. गोष्टीच्या शेवटी मी माझं म्हणून सांगायचो ते उलट्या-सुलट्या बाजूचं वाक्य विणकराचं आहे, हे माझ्यापुढे बसलेल्या प्रत्येक विणकराला कळलं असेल. पण मालकाला कोण बोलणार?

नरसय्या शेवटपर्यंत आमच्याच मागावर होता. तो गेला त्या दिवशी पद्मा मला म्हणाली, "तुमी फुग्यात बसल्याची गोष्ट त्यांना लई आवडायची, अण्णा. तुमच्यासारखं उडावं वाटायचं त्यांना." मी मान हलवली. हो म्हणालो.

पद्मा आता सोलापुरातच असते, नातवंडांची आजी झाली आहे. उद्या तिच्या घरी जाऊन हेच सांगणार आहे. फुग्यात नरसय्या बसला होता. मी खाली उभा होतो, त्याच्या चपला हातात धरून.