शेवंतीच्या वाफ्यातलं खत

आमच्या वन्सं, म्हणजे माझी थोरली विधवा नणंद, धारच्या घरात असत. त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट तिथे होती, परसातला शेवंतीचा वाफा. सासरी बागलीला त्यांच्या नवऱ्याने हाताने लावलेल्या रोपांचे फुटवे घेऊन त्या माहेरी परत आल्या होत्या. सासरचं बाकी काहीच हाती लागलं नव्हतं. त्या वाफ्यातली फुलं आमच्या देवांना जात.

एका अधिक महिन्यात त्या बैलगाडीने धरमपुरीला निघाल्या, महिनाभर नर्मदास्नानाला. वाफा माझ्या हवाली केला. "खत तेवढं घाल हो," इतकंच म्हणाल्या. कसलं ते सांगितलं नाही, अन् मी शहाणीने विचारलं नाही.

शेजारच्या माळणीने आमच्या उकिरड्याकडे बोट दाखवलं, तिथलं जुनं खत घालायला सांगितलं. "भाभी, जूनो खात नाखो. ताजो गोबर मत नाखो, जड़ बळी जायगी."

मी फणकारले, "अगं बाई! देवाच्या फुलांना उकिरड्याचं? उष्टं-खरकटं, केरकचरा, सगळं कुजतं तिथे!" ज्या शेणाने देवघर सारवतो त्याने मुळं जळतील, हे मला पटेचना. सोवळ्याने गोठ्यातलं ताजं शेण आणलं आणि वाफाभर घातलं. वर सासूबाईंकडून कौतुकही करून घेतलं.

आठ दिवसांत पानं पिवळी पडली, मग काळी. शेण खरवडून काढलं, पाणी घातलं, देवाला साकडं घातलं. एकही रोप वाचलं नाही. मला जेवण जाईना.

वन्सं आल्या त्या पायही न धुता परसात गेल्या. एक काडी उपटून मूळ पाहिलं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"उकिरड्यावरचंच घालायचे मी," त्या हळू म्हणाल्या. "पहाटे, कुणी उठायच्या आत. तुम्हाला सांगितलं असतं, तर माझी फुलं देवाला वाहिली असती का गं?"

नसती वाहिली. सर्वांत आधी मीच नाक मुरडलं असतं, आणि हे त्या ओळखून होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या देखत मी टोपली उचलली आणि उकिरड्यावर गेले. त्या ओरडत राहिल्या, मी ऐकलं नाही. काळं, भुसभुशीत खत आणून वाफा भरला.

वन्सं ओट्यावरून पाहत होत्या.

"आता कशाला गं?" त्या म्हणाल्या. "लावायला काय राहिलंय?"