निरीक्षण क्रमांक सात

विज्ञान मला येतं आणि बाकी सगळं हिला येतं, अशी आमच्या घरात कामाची वाटणी आहे. ती मीच केलेली असल्यामुळे इतक्या वर्षांत तिच्यावर कुणी हरकत घेतलेली नाही.

पेणच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. माझ्या प्रयोगशाळेत दोन नियम होते. पहिला, निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर. दुसरा, मी मांडलेल्या उपकरणाला कुणी हात लावायचा नाही. मी निवृत्त झालो, पण नियम अजून नोकरीवर आहेत. आमच्याकडचा मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर या सगळ्यांना मीच हात लावतो. (गीझरबद्दल हिला विचारू नका. विचाराल त्यापेक्षा जास्त सांगेल.)

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझं लहानपण खारेपाटात गेलं. तिथे पाणी येईल तेव्हा हंडे, कळशा, बादल्या, अगदी आमटीचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं आणि पुढे ते पुरवून वापरायचं. त्यामुळे घरातून निघताना जे लागेल ते भरून घ्यायचं, ही सवय माझ्या हाडात मुरलेली आहे. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर गेल्या जानेवारीत आम्ही दोघं रोह्याला वत्सूकडे गेलो. वत्सू माझी धाकटी बहीण. संध्याकाळी तिच्या घरामागच्या परड्यात पोपटी लावायचा बेत होता. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, वर पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ! नुसत्या वासासाठी मी पेणहून रोह्याला चालत जाईन. (गेलो मात्र एसटीनं.)

आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. माझी भाची मुक्ता लॅपटॉपपुढे डोकं धरून बसलेली.

"दादा, बरं झालं आलास!" वत्सू म्हणाली. "अरे, अकरा वाजता पोरीचा इंटरव्ह्यू आहे. शेवटची फेरी. आणि गटार खणताना त्या जेसीबीनं आत्ताच नेटची केबल तोडली!"

"केबलवाला काय म्हणतो?"

"संध्याकाळपर्यंत बघतो म्हणतो."

मुक्ता सहा महिने या नोकरीच्या मागे होती. सॉफ्टवेअरमधले दोष शोधून काढायचं काम. चार फेऱ्या पार करून ती इथवर आली होती आणि आज हुकलं तर पुन्हा बोलावणार नव्हते. तिचा स्वतःचा फोन दुरुस्तीला दिलेला. तिचे बाबा धाटावच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला, फोन गेटवर जमा. वत्सूचा फोन बटणांचा.

"मी स्टेशनजवळ मैत्रिणीकडे जाते," मुक्ता म्हणाली. "तिच्याकडे नेट आहे. ती स्कूटर घेऊन येतेय."

"मी असताना?" मी म्हणालो.

आता मागे वळून पाहताना वाटतं, ते दोन शब्द मी गिळले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी खिशातून फोन काढला, एक व्हिडिओ लावून दाखवला, रोह्याचं हवामान काढून दाखवलं. सगळं सुरळीत! "माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावू. फोनातलं नेट हवेतून लॅपटॉपात. पाच मिनिटांचं काम. मैत्रिणीला सांग, येऊ नको म्हणावं."

मुक्तानं बिचारीनं आईच्या फोनवरून तिला तसं सांगितलं.

"अहो, माझा फोन देऊ का?" स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"तुझ्या फोनवर भजनं आणि लोणच्यांच्या रेसिप्या! तो राहू दे तिकडेच."

हॉटस्पॉट लावला. लॅपटॉपला माझा फोन दिसला, पासवर्ड टाकला, जोडला गेला. वत्सूनं देवाला हात जोडले. आणि पडद्यावर खाली ओळ आली, 'कनेक्टेड, नो इंटरनेट'.

"म्हणजे काय?" वत्सू.

"म्हणजे नळ जोडलाय, पाणी नाही," मी म्हणालो. (उपमा किती अचूक होती, हे मला तासाभरानं कळलं.)

आता फोनातच नेट नाही की काय, हे तपासायला मी हॉटस्पॉट बंद केला. एका वेळी एकच काम, ही प्रयोगाची शिस्त. बंद केला आणि पुन्हा व्हिडिओ लावला. पळतोय! हॉटस्पॉट लावला. लॅपटॉप कोरडा! बंद केला. फोन पळतोय! असं चार वेळा झालं.

"दोष लॅपटॉपात आहे," मी जाहीर केलं. "मुक्ता, वही घे. निरीक्षणं लिही."

"मामा, मला फोन बघू द्या ना जरा."

"उपकरणाला हात नाही! लिही. निरीक्षण क्रमांक एक, मामाच्या फोनात नेट आहे. दोन, लॅपटॉपात नाही."

तिनं लिहिलं. माझ्या भाचीला शिस्त आहे, त्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला.

मग मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला. निम्मी यंत्रं एवढ्यानं सुधारतात. हा लॅपटॉप इतका सुधारला की त्यानं स्वतःला अद्ययावत करायला घेतलं! निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, 'चार टक्के पूर्ण, बंद करू नका'.

"मामा!!"

"घाबरू नको. तेवढ्यात आपण रेंजचं बघू."

तेवढ्यात परड्याच्या दारातून जानूदादा आला. आतल्या गावातला शेतकरी, दरवर्षी वत्सूकडे वालाच्या शेंगा आणि पोपटीचं मडकं तोच आणतो. त्यानं टोपली खाली ठेवली आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"काय गो मुक्ता, काय झाला?"

"नेट नाही, दादा. अकराला इंटरव्ह्यू."

"मास्तर, तुमच्या फोनात नेट हाय ना पण? तां बघा आधी."

बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न! मी हसून सोडून दिला आणि व्हिडिओ दाखवायला फोन उघडला. तर फोन ठप्प! व्हिडिओ नाही, हवामान नाही, काही नाही.

"टॉवर गेला!" मी ओरडलो.

"वयनी कुठे गेल्या?" जानूदादानं सहज विचारलं. "भांबुर्डी मी आनलीच नाय. त्यांना बांधावरची दाखवायची होती."

"ती गेली मघाशीच बांधाकडे," वत्सू म्हणाली.

"ती कुठे गेली हे महत्त्वाचं नाही, टॉवर कुठे गेला ते बघा!" मी स्टुलावर चढलो. उंचीवर रेंज चांगली मिळते. माळ्यावर फोन ठेवायला सपाट जागा नव्हती म्हणून जानूदादाचं मडकं मागवलं, उपडं ठेवलं आणि त्याच्या बुडावर फोन ठेवला. (मातीतून वीज वाहत नाही, त्यामुळे ढवळाढवळ होणार नाही. या वाक्याचा रेंजशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. त्या वेळी ते शोभलं.)

पाच मिनिटांनी ही पाल्याचा भारा घेऊन परतली आणि फोन टिणटिण वाजू लागला. एकदम अकरा मेसेज!

"आला टॉवर! बघा, उंचीचा परिणाम. लिही मुक्ता, निरीक्षण पाच."

लॅपटॉपही तोवर शंभर टक्के झाला होता. हॉटस्पॉट लावला. 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. घड्याळात साडेदहा. मुक्ताच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि मी पहिल्यांदाच घाबरलो. पण आवाजात ते येऊ दिलं नाही. बत्तीस वर्षांची सवय.

ही पुन्हा पाला आणायला बाहेर गेली. मी हॉटस्पॉट बंद करून बघितलं, फोन ठप्प. ही आली. फोन सुरू.

"दादा," वत्सू हळूच म्हणाली, "मला आपलं वाटतंय हं. वहिनी बाहेर गेली की जातंय आणि आत आली की येतंय."

मी खो खो हसलो. "वत्सू, याला विज्ञानात योगायोग म्हणतात!"

"पण लिहू का?" मुक्तानं विचारलं.

"लिही. निरीक्षण क्रमांक सात, मामी बांधाकडे गेल्यावर नेट जाते. निरीक्षण म्हणून लिही. निष्कर्ष काढायचा नाही!"

दहा पन्नास. मी शेवटचा उपाय म्हणून फोन आणखी वर सरकवायला स्टुलावर चढलो. हात पोचला, टाचा उचलल्या, स्टूल हललं आणि मडकं निसटलं. फोन मी छातीशी झेलला! मडकं मात्र जानूदादाच्या पायाशी येऊन फुटलं.

"मास्तर," जानूदादा तुकड्यांकडे बघत शांतपणे म्हणाला, "पोपटी सकालीच फुटली."

त्या गोंधळात मुक्तानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. नियम क्रमांक दोन, पहिल्यांदाच मोडला गेला. तिनं दोनदा बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मामा, मोबाईल डेटा बंद आहे."

"बंदच असतो," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली."

"मग बाहेर नेट कसं चालतं?"

"घरून भरून आणतो की! आदल्या दिवशी फोन वायफायवर ठेवायचा, नेट भरून घ्यायचं, मग बाहेर दिवसभर पुरतं. जपून वापरलं तर दोन दिवस."

जानूदादानं खाली बघून मडक्याचे तुकडे गोळा करायला घेतले.

"मामा," मुक्ता एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नेट भरून ठेवता येत नाही. तुमचा फोन मामीच्या फोनवर चालतोय. हे बघा, इथे नाव आहे, 'सुनंदा'. मामीचा हॉटस्पॉट. तुम्ही तुमचा हॉटस्पॉट लावला की तुमचा फोन तिच्यापासून तुटतो. मग लॅपटॉपला काय देणार?"

मला एकदम आठवलं. एकट्यानं अलिबागला गेलो होतो तेव्हा नेट वडखळलाच संपलं होतं. मी समजलो होतो, भरताना कमी भरलं.

तोवर हिनं पदराला हात पुसून आपला फोन मुक्ताच्या पुढे ठेवलाही होता. लॅपटॉपनं तो पकडला, पासवर्ड टाकला आणि दहा अठ्ठावन्नला पडद्यावर एक टाय घातलेला माणूस म्हणाला, "गुड मॉर्निंग मुक्ता." आम्ही सगळे मांजरपावलांनी स्वयंपाकघरात गेलो. मी सगळ्यांच्या मागे.

"तू लावलंस हे?" मी हळूच विचारलं.

"नचिकेतनं." नचिकेत आमचा मुलगा. "तुम्ही ज्येष्ठांच्या सभेत भाषण ठोकलंत, मोबाईल डेटा हे व्यसन आहे, मी बंद केला. तिसऱ्याच दिवशी एसटीत इतके हिरमुसून बसलात, मला बघवेना. तो म्हणाला, आई, तुझा हॉटस्पॉट चालू ठेवत जा, बाबांना कळणारसुद्धा नाही."

"आणि मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही तुमची ती भरण्याची पद्धत इतक्या आनंदानं सांगत होतात!"

मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. दोन वर्षं कुणीतरी आपल्याला असं गुपचूप पुरवत होतं, हे पन्नाशीनंतर फारसं वाट्याला येत नाही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मुक्ताचा आवाज आला. तिला विचारलं होतं, एखादा दोष तुम्ही कसा शोधता? आणि ती ठामपणे सांगत होती, "सर, आज सकाळचंच उदाहरण देते." वहीची पानं उलटल्याचा आवाज. "निरीक्षण क्रमांक एक..." सात वाचून झालं तेव्हा टायवाला इतका हसला की स्वयंपाकघरातली भांडी वाजली. "निरीक्षणं उत्तम आहेत," तो म्हणाला. "पण निष्कर्ष कोण काढत होतं?"

"माझे मामा."

"त्यांना सोबत आणू नका."

पोपटी त्या संध्याकाळी कुकरात शिजली. जानूदादानं एक शेंग खाल्ली आणि दुसरीला हात लावला नाही. आठवड्यानं मुक्ताला कंपनीचं पत्र आलं, नोकरी पक्की! रुजू होताना ती वही तिनं सोबत नेली.

मोबाईल डेटा मी अजून सुरू केलेला नाही. भाषण दिलेलं आहे, माणसाला शब्द पाळावा लागतो. त्यामुळे हल्ली ही बाजारात निघाली की मी पिशवी घेऊन मागे निघतो, देवळात निघाली की देवळात, भिशीला निघाली की बाहेरच्या ओट्यावर बसतो. आळीत सगळे म्हणतात, निवृत्तीनंतर मास्तरांचं बायकोवर प्रेम फार वाढलंय. मी त्यांना काही समजावत नाही. निरीक्षण त्यांचं बरोबर आहे, आणि निष्कर्षाच्या बाबतीत मी आता कुणाला नावं ठेवण्याच्या लायकीचा राहिलेलो नाही!